वाचकांचे प्रश्न : पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे ‘पीजे’

पीजेचेच रूळ थोडे सरकवून मोठी गाडी का चालवता येत नाही? (वाचक, शेंदुर्णी)

पीजेच्या रुळांमधलं अंतर ७६२ मिमी, ब्रॉडगेजचं, म्हणजे मोठ्या गाडीच्या मार्गाचं, १६७६ मिमी. छोट्या मार्गाचा लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी फळी, असतो साधारण दीड मीटर लांब. म्हणजे मोठ्या गाडीचे दोन रूळ त्यावर मावतच नाहीत! ब्रॉडगेजचा सिमेंटचा स्लीपर पावणेतीन मीटरचा. त्यामुळे खडी, भराव, पूल आणि वळणं सगळंच नव्याने करावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीत थांबलेल्या या ५६ किमी मार्गाचं गेज-रूपांतर (रुळांमधलं अंतर बदलणं) म्हणजे जवळजवळ नवी लाईनच.

जामनेरला इंजिन मागून पुढे कसं आणत? (वाचक, पहूर)

डबे फलाटावर ठेवून इंजिन सोडायचं, पुढच्या सांध्यावरून बाजूच्या लूपवर (शेजारच्या रुळावर) घ्यायचं आणि डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडायचं. डिझेल इंजिन दोन्हीकडे चालत असल्याने ते फिरवायला टर्नटेबल लागत नाही. पण खरा वेळ जातो तो पुढेच. अशा गाड्यांना व्हॅक्यूम ब्रेक असतो. गाडीभर जाणाऱ्या ब्रेकच्या नळीतली हवा ओढून घेतली की ब्रेक सुटतात, हवा आत शिरली की लागतात. दोन डब्यांमधली नळी जोडणाऱ्या होजचा रबरी वॉशर फाटला किंवा नीट बसला नाही तर नळीत निर्वात तयार होत नाही, चाकं जाम राहतात. म्हणून इंजिनातला निर्वात दाखवणारा काटा बघून भागत नाही, शेवटच्या गार्डच्या डब्यातलाही बघायचा. तो चढला नाही तर एकेक जोड तपासत मागे जायचं.