घड्याळ साडेपाच तास मागे

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर विंडोज 10 शेजारी लिनक्स मिंट टाकलं. मिंट वापरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे असतं. मदरबोर्डचा सेल बदलावा का?

उत्तर : नको. नेमका साडेपाच तासांचा फरक म्हणजे सेल ठीक आहे. मदरबोर्डच्या घड्याळात लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ लिहितं. विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटनेही तिथे स्थानिक वेळच लिहावी म्हणून त्याच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून द्या. नंतर घड्याळाची स्थिती तपासताना स्थानिक वेळेबद्दल इशारा दिसेल. तो मुख्यतः उन्हाळी वेळ पाळणाऱ्या देशांसाठी. भारतात घड्याळं पुढे-मागे होत नाहीत, त्यामुळे बिनधास्त राहा. मग विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये एकदा ‘सिंक नाऊ’ दाबा.

प्लग काढून ठेवल्यावर तारीखच काही वर्षं मागे जात असेल, तर मात्र 3 व्होल्टचा सीआर2032 सेल बदलाच.