मुरमावरचा उटकटारा

वाचकांचे प्रश्न : सांदवाडी आणि अंगण

नमस्कार काकू. माझा भाचा इंग्लंडमध्ये शिकायला आहे. जुलैमध्ये त्यानं शेजारच्या बागेतले फोटो पाठवले. छातीएवढ्या ताठ दांड्या, त्यांच्यावर निळे गोल चेंडू आणि चेंडूंवर मधमाश्या. तिकडे त्याला ग्लोब थिसल म्हणतात. तेव्हापासून ते फूल माझ्या मनातून जात नाही. भाचा फेब्रुवारीत लग्नाला येतोय, बिया खिशात घालून आणतो म्हणतो. आमची सांदवाडी काळ्या जमिनीची आहे. सासूबाई म्हणतात, घराला काट्याचं झाड लावत नाहीत. मी काय करू?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

ताई, तुमचं पत्र वाचलं आणि मी उठून कुंपणाकडे गेले. विहिरीतून निघालेल्या मुरमाचा ढीग तिथं बारा वर्षांपासून पडून आहे. त्यावर आत्ता, डिसेंबरात, माझा उटकटारा फुलला आहे. तुमच्या मनात बसलेल्या निळ्या चेंडूचं हे आपल्याकडचं सख्खं भावंड. तुम्ही लहानपणापासून ते पाहिलं असणार. बरडावर, पडीत वावरात, रस्त्याच्या कडेला ते असतं आणि आपण लुगडं सावरून त्याच्यापासून दूर चालतो.

दोघांची प्रजाती एकच, एकिनॉप्स. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं हे नाव ग्रीक भाषेतून घेतलं. अर्थ असा की जाहकासारखा दिसणारा. जाहक म्हणजे अंगावर काटे असलेला तो लहान प्राणी, भ्यायला की गोळा होऊन बसतो. इंग्लंडच्या बागांत बहुतेक एकिनॉप्स रिट्रो नाहीतर त्याच्या जवळची जात असते. ती मूळची दक्षिण आणि पूर्व युरोपाकडची, पश्चिम आशियाकडची. आपला तो एकिनॉप्स एकिनेटस. त्याला हे नाव रॉक्सबर्ग यांनी दिलं, कलकत्त्याची वनस्पती बाग सांभाळणारे ते. संस्कृतात उष्ट्रकंटक, म्हणजे उंटाचा काटा. त्यावरूनच आपला उटकटारा.

फुलाबद्दल आधी बोलते, कारण तुमचं मन तिथं अडकलं आहे आणि माझंही पन्नास वर्षांपासून तिथंच आहे. मी आठ वर्षांची असेन. बाबांबरोबर बंडीतून वावरात जाताना बरडावर बैल थांबवले होते. मी त्या चेंडूला हात लावायला गेले, तर गुराखी ओरडला, "बाई, त्याले हात नोको लावू!" बाबा उतरले, धोतराचा सोगा बोटांभोवती गुंडाळून दांडी धरली आणि माझ्यासमोर वाकवली. म्हणाले, "वरून पाह्य, पोरी. पह्यले डोक्यावरची फुलं उमलते, मंग खालची." खरंच तसं होतं. चेंडूच्या माथ्यावर फिकट जांभळ्या चांदण्यांची टोपी होती आणि खालचा अर्धा भाग अजून मिटलेला, हिरवट राखाडी. दोन दिवसांनी परत गेलो तर ती टोपी पोटापर्यंत उतरली होती.

सूर्यफूल उटकटाऱ्याच्याच मोठ्या कुळातलं, पण ते कडेपासून आत उमलत जातं. हे वरून खाली. आणखी एक गोष्ट मला मोठेपणी कळली. झेंडूच्या किंवा सूर्यफुलाच्या पुष्कळ बारक्या फुलांना मिळून खाली एकच हिरवी वाटी असते. एकिनॉप्सच्या चेंडूत प्रत्येक बारक्या फुलाला स्वतःची वेगळी वाटी असते. एकेका फुलाचं एकेक घर, आणि ती सगळी घरं एका गोळ्यावर दाटीनं बसलेली. म्हणून तो गोल इतका रेखीव दिसतो आणि फुलं गळल्यावरही तसाच उभा राहतो. आपल्या उटकटाऱ्यात यातल्या काही वाट्यांची टोकं लांब वाढून काटे होतात आणि चेंडूच्या बाहेर डोकावतात. युरोपातल्या जातीचा चेंडू त्या मानानं गुळगुळीत, आणि रंग खरा निळा. तो निळा आपल्याकडे नाही, हे कबूल करते. आपल्याकडचा रंग धुवून धुवून विटलेल्या जांभळ्या लुगड्याचा आहे. पण सकाळी आठच्या उन्हात, पानाखालची पांढरी लव आणि दांडीवरचा पांढरेपणा चमकत असताना, मला तो निळ्यापेक्षा कमी वाटत नाही.

आता बियांचं. भाच्याला नाही म्हणा. परदेशातून लागवडीसाठी बी आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना लागतो आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. खिशातली चिमूटभर बी कोणाला काय करणार, असं वाटेल तुम्हाला. गाजरगवत आठवा. १९५० च्या दशकात पुण्यात ते लोकांच्या नजरेत भरलं, आणि आज आपल्या वावरात, शाळेच्या पटांगणात, एसटीच्या फलाटामागे ते नाही अशी जागा सांगा. निंदणाऱ्या बायांच्या हातांना त्याची खाज सुटते. त्या निंदणातून मीही गेले आहे, म्हणून या बाबतीत मी कडक आहे.

दुसरं कारण हवेचं. तो निळा चेंडू थंड देशाचा. हिवाळ्यात वरचा भाग मरतो, मूळ बर्फाखाली झोप घेतं आणि वसंतात परत फुटतं. त्याला ती झोप लागते. आपली थंडी म्हणजे जानेवारीतले थोडे दिवस, आणि पुढे मे महिन्यात पारा ४५ वर. मी स्वतः करून पाहिलं आहे. हिमाचलातल्या मैत्रिणीनं तिच्या बागेतली तीन रोपं माझ्याबरोबर दिली होती. दोन मी काळ्या मातीत लावली, एक मुरमाच्या उंच वाफ्यात. ऑगस्टच्या झडीत काळ्या मातीतली दोन्ही बसली. उपटून पाहिलं तर मूळ काळं, मऊ, वास येणारं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि धरून ठेवते, आणि एकिनॉप्सचं सोटमूळ साचलेल्या पाण्यात सडतं. मुरमातलं तिसरं पावसातून वाचलं, हिवाळ्यात चार पानं काढली, फूल एकही नाही, आणि नवतपा लागायच्या आत वाळून गेलं. त्या रोपांचं मला आजही वाईट वाटतं. मैत्रिणीनं ओल्या फडक्यात गुंडाळून, रात्रभर मांडीवर ठेवून ती स्टेशनपर्यंत आणली होती.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, उटकटारा लावा. काळ्या जमिनीत नको. एखादं ट्रॅक्टरभर मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून सांदवाडीच्या कोपऱ्यात गुडघाभर उंच ढीग करा. शेणखत अजिबात घालू नका. खतानं तो पानांनी माजतो, दांडी लांब आणि कमजोर होते आणि वाऱ्यानं आडवी पडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बरडावरचे चेंडू वाळून हाताशिवाय सुटायला लागले की विळ्यानं दांडी कापून सरळ पोत्यात पाडा. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की बी ढिगावर टाकून वर बोटभर मुरूम लोटा. पिशवीत रोप करून नंतर लावायच्या भानगडीत पडू नका, सोटमूळ मोडलं की तो रुसतो. दाट उगवलं तर दोन फुटांवर एक ठेवा, बाकीची उपटा. पावसाळ्यानंतर मी एकदाही पाणी देत नाही.

नोव्हेंबरपासून तो फुलतो. तोवर झेंडू दसरा-दिवाळीला तुटून गेलेला असतो, अंगण रिकामं दिसत असतं, आणि त्या वेळी या चेंडूंवर फुलोरी माश्या उतरतात. त्यांच्याबरोबर आग्या माश्या आणि फुलपाखरंही येतात. मी मागे तरवड लावला आहे, पिवळ्यासमोर हा जांभळा उठून दिसतो. शेजारी कुसळी गवत वाळू द्यायचं, कापायचं नाही.

सासूबाईंचं म्हणणं मोडून काढू नका. या बोलण्यामागे अनुभव असतो. रांगतं मूल, अनवाणी पाय, ढोरांचं तोंड, हे सगळं घराशी असतं. ढीग दारापासून, गोठ्याच्या वाटेपासून आणि लेकरांच्या खेळण्यापासून दूर करा. आणि त्यांना करडईची आठवण द्या. करडई याच काटेरी घराण्यातली आहे. हरभऱ्याभोवती ढोरं येऊ नयेत म्हणून आपल्या आज्या-पणज्यांनीच तिच्या ओळी पेरल्या, आणि तिच्याच कोवळ्या पानांची भाजी केली. मला वाटतं, करडईचं नाव काढल्यावर त्या ऐकून घेतील.

ताई, उटकटाऱ्याची मुळी बऱ्याच दुखण्यांवर चालते असं ऐकतो. किती आणि कशी घ्यावी?
— एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती

जुन्या औषधात तिचा वापर आहे, हे खरं. पण मात्रा मी सांगणार नाही. माझी नजर बागेची आहे, नाडीची नाही. शिकलेल्या वैद्यांना दाखवा आणि घरच्या घरी उकळून पिऊ नका.

मागच्या अंकात तुम्ही उटकटाऱ्याचा फोटो छापला. आमच्या धुऱ्यावर तो इतका वाढला आहे की कापूस वेचणाऱ्या बाया त्या बाजूनं जायला तयार नाहीत. तुम्ही लोकांना तण लावायला कसं सांगता?
— एक शेतकरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

दादा, तुमचं बरोबर आहे. वेचणीच्या बाईच्या पिंढरीत तो काटा गेला तर तिची दिवसाची मजुरी जाते. धुऱ्यावर तो ठेवू नका. फूल उमलून खाली उतरायला लागलं, म्हणजे बी पिकायच्या आधी, जमिनीलगत कापा. दोन-तीन हंगाम बी पडू दिलं नाही की तो विरळ होतो. वखर आणि डवरा चालणाऱ्या जागेत तो तसाही फारसा टिकत नाही. नांगर न लागणाऱ्या जागेचा तो मालक आहे. मीही माझ्या ढिगावरचे चेंडू बी गळायच्या आधी मोजून काढते. पुढच्या वर्षीपुरते पाच-सहा ठेवते, तेही पातळ फडकं बांधून, म्हणजे शेजाऱ्याच्या वावरात एक दाणा जायला नको. ज्यांना लावायचा आहे त्या सगळ्यांनी एवढं केलंच पाहिजे.

वाळवून घरात ठेवायचे तर चेंडू कधी तोडू? मी तोडले ते आठ दिवसांत सगळे विस्कटले.
— एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर

तुम्ही उमललेले तोडले. चेंडू पूर्ण भरला आहे पण माथ्यावरचं पहिलं फूल अजून मिटलेलं आहे, तो दिवस धरायचा. एकदा फुलं खालपर्यंत उमलली की प्रत्येक वाटी सुटी होऊन गळणारच, तिचा तोच धर्म आहे. दव सुकल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास, हातभर दांडी ठेवून कापा. जाड गोणपाटाचा तुकडा हाताला गुंडाळा, साध्या रबरी हातमोज्यातून काटा आत येतो. खालची पानं विळ्यानं खरवडून काढा. पाच-पाचची जुडी सुतळीनं बांधून उलटी टांगा, उन्हात नको, आढ्याला, वारा लागेल अशी. दोन-तीन आठवड्यांत दांडी कडक वाजते. माझी एक जुडी मागच्या डिसेंबरपासून देवळीत आहे, एका पितळी गडव्यात ज्वारीच्या दोन कणसांबरोबर.