रिटुक्सिमॅब चालू असूनही पाण्यात बँड का दिसतात?

ताई, तुम्ही लिहिलंय की भावाला एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) निदान होऊन दोन वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब घेतोय आणि या काळात एकही अटॅक आलेला नाही. आता दुसऱ्या हॉस्पिटलात पुन्हा पाठीतलं पाणी (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढलं, रिपोर्टवर 'ऑलिगोक्लोनल बँड पॉझिटिव्ह' आलं आणि औषध लागूच पडत नाही असं घरात सगळ्यांना वाटायला लागलंय. मी बरीच वर्षं लॅबमध्ये हीच तपासणी करत आले आहे, म्हणून आधी उत्तर देते: त्या एका ओळीवरून औषधाची परीक्षा होत नाही. रिटुक्सिमॅबनंतरही बँड राहतात, हेच नेहमीचं चित्र आहे.

बँड म्हणजे नेमकं काय ते सांगते. जेलवर पेशंटचं पाणी आणि त्याच दिवशी घेतलेल्या रक्ताचं सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) शेजारीशेजारी लावतात. सीरम शेकडो पट पातळ करावं लागतं, कारण दोन्हीकडे आयजीजी (अँटिबॉडीचा मुख्य प्रकार) सारख्याच प्रमाणात हवं. करंट दिला की प्रत्येक अँटिबॉडी आपापल्या विद्युतभारानुसार ठरावीक जागी जाऊन थांबते. निरोगी माणसाच्या पाण्यात सलग फिकट पट्टा दिसतो. एमएसमध्ये त्याच पट्ट्यात बारीक, ठळक रेघा उठतात आणि शेजारच्या सीरममध्ये त्या नसतात. म्हणजे या अँटिबॉडी रक्तातून आलेल्या नाहीत, मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाआतच तयार होताहेत. अशा दोन किंवा जास्त रेघा दिसल्या की पॉझिटिव्ह. आधी नऊ होत्या, आता अकरा आहेत, असली तुलना कृपा करून करू नका. लॅब बदलली, जेल बदललं की आकडा बदलतो.

आता औषधाकडे वळू. रिटुक्सिमॅब पकडतं ते बी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींवरच्या सीडी२० या खुणेला. अँटिबॉडी मात्र तयार करतात प्लाझ्मा पेशी. त्या बी-पेशींपासूनच बनतात, पण बनता बनता ही खूण गमावतात, त्यामुळे औषधाला त्या दिसतच नाहीत. शिवाय त्या दीर्घायुषी असतात. त्यात शिरेतून दिलेल्या अशा अँटिबॉडी-औषधाचा अगदी किरकोळ अंश, साधारण हजारातला एक भाग, पाण्यापर्यंत पोचतो.

मग औषधाने आत काय बदलतं? पुष्कळ काही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्ये 30 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधीच्या औषधाला पुरेसा प्रतिसाद न देणाऱ्या या रुग्णांना जोडीला रिटुक्सिमॅब दिलं होतं. पाण्यातल्या बी-पेशी जवळपास 95 टक्क्यांनी घटल्या आणि टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशीही निम्म्यावर आल्या, जरी हे औषध मुख्यतः बी-पेशींवरचं! बी-पेशींना आत बोलावणारं सीएक्ससीएल१३ हे रसायनही उतरलं. आयजीजी इंडेक्स (आत किती आयजीजी बनतं याचं माप) आणि बँड मात्र होते तसेच राहिले. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण एकाच नळीतल्या पाण्यात दाह ओसरलेला दिसतो आणि बँडही दिसतात.

दुसरी बघण्यासारखी गोष्ट न्यूरोफिलामेंट लाइट, म्हणजे एनएफएल. हा दाहाचा मार्कर नव्हे. मज्जातंतू दुखावला की त्यातून गळणारं प्रथिन आहे. स्वीडनमध्ये नॅटॅलिझुमॅब या एमएसच्या दुसऱ्या औषधावरच्या 92 रुग्णांच्या पाण्यात ते मोजलं होतं (निकाल 2011 चा). उपचाराआधी सरासरी 1300 नॅनोग्रॅम प्रति लिटर होतं, सहा ते बारा महिन्यांनी 400 वर आलं, म्हणजे निरोगी लोकांच्या जवळपास. एनएफएल आता रक्तातही मोजता येतं, त्यामुळे केवळ त्यासाठी पुन्हा पाठीत सुई घालायची गरज उरलेली नाही. फक्त वयानुसार ते वाढतं, हे ध्यानात ठेवून वाचायचं.

सगळी औषधं बँडच्या बाबतीत सारखी नसतात. नॅटॅलिझुमॅब किंवा क्लॅड्रिबिननंतर काही रुग्णांचे बँड कमी झाल्याच्या, क्वचित नाहीसे झाल्याच्या नोंदी आहेत. ऑक्रेलिझुमॅबही सीडी२० वरच काम करतं, म्हणून त्याचं चित्र रिटुक्सिमॅबसारखंच. स्टिरॉइडने आयजीजीची निर्मिती काही काळ मंदावते, बँड सहसा जात नाहीत.

मला खरी काळजी वेगळीच आहे: दुसऱ्यांदा पाणी काढलं कशासाठी? औषधाचा गुण पाहायला सहसा कोणी काढत नाही. संसर्गाची शंका असेल किंवा मूळ निदानाबद्दलच प्रश्न असेल (एमएससारख्याच वाटणाऱ्या एनएमओ आणि मॉग आजारांत बँड बहुतेक वेळा नसतात), तर काढतात. हे डॉक्टरांना सरळ विचारा. रिपोर्टमध्ये पेशींची संख्या बघा. एमएसमध्ये ती नॉर्मल किंवा थोडीशी वाढलेली असते. दर घन मिलिमीटरला 50 च्या वर गेली असेल तर दुसरं कारण शोधावं लागतं. सुई टोचताना रक्त मिसळलं होतं का आणि त्याआधी स्टिरॉइडचे डोस झाले होते का, हेही विचारून घ्या, कारण दोन्हीने हा आकडा फिरतो.

औषध चालतंय का, हे भावाच्या न्यूरोलॉजिस्टना ठरवायचं आहे ते नवे अटॅक, चालणं-हातांचं काम आणि एमआरआयमधले नवे डाग यांवरून. आधीचा आणि आत्ताचा एमआरआय शक्यतो एकाच सेंटरमधला असू द्या, दोन्ही सीडी घेऊन जा. आणि या रिपोर्टच्या भीतीने पुढच्या इन्फ्युजनची तारीख स्वतःहून पुढे ढकलू नका.