‘बघतो, जमलं तर येतो’ याला कुठलं स्टेटस लावायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे चुकत असेन तर लगेच कळेल. साताऱ्याकडे वसतिगृह चालवणारी संस्था, देणगीदार अडीच हजाराच्या आसपास, वर्षभरापूर्वी एक्सेल सोडून सिव्हीसीआरएमवर (देणगीदारांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर, पुढे नुसतं सिव्ही म्हणते) आलात. आता देणगीदार मेळावा तोंडावर आलाय, हॉल अडीचशेचा, आणि अध्यक्ष दिवसाआड विचारतात ‘किती जणांना बोलावलं, किती येतायत’. त्यासाठी तुम्ही प्रत्येक देणगीदाराच्या रेकॉर्डवर ‘मेळावा २०२४’, ‘मेळावा २०२५’ अशी फील्ड केलीत आणि त्यात हो-नाही भरताय, पण आकडे काही जुळत नाहीत.

ते जुळणारच नाहीत. कारण त्या ‘हो’चा अर्थ काय? बोलावलं हो, येतो म्हणाले हो, की आले हो? आमच्याकडे पुण्यात पहिली तीन वर्षं हेच चाललं होतं, एक्सेलमध्ये ‘मेळावा’ नावाचा एक कॉलम आणि त्यात वाय, हो, येणार, टिकमार्क, ‘फोन लागत नाही’, ‘मुलगी अमेरिकेहून आलीये’, आणि एका ठिकाणी नुसतं ‘गुडघा’. लिहिणाऱ्याला ते त्या दिवशी बरोबर कळत होतं, सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाही कळेना.

आमंत्रण हा माणसाचा गुण नाहीये, पत्ता किंवा जन्मतारखेसारखा. तो माणूस आणि कार्यक्रम यांच्यातला व्यवहार आहे, म्हणून त्याची ओळ वेगळी हवी. सिव्हीत ती ओळ तयारच मिळते, तिला पार्टिसिपंट म्हणतात: अमुक माणूस, अमुक इव्हेंट, अमुक स्टेटस, तारीख. दहा मेळावे झाले तरी देणगीदाराच्या पानावर एक फील्ड वाढत नाही, इव्हेंटच्या टॅबखाली फक्त ओळी वाढतात. सेल्सफोर्स हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांकडे हेच कॅम्पेन आणि कॅम्पेन मेंबर या नावाने असतं, तिथे आधीपासून दोनच स्टेटस मिळतात, ‘सेंट’ आणि ‘रिस्पॉन्डेड’, बाकीची आपण घालायची. सॉफ्टवेअर कुठलंही असो, विचार हाच.

आता गोम अशी की सिव्हीत पार्टिसिपंट म्हणजे नोंदणी केलेला माणूस असं गृहीत असतं. रजिस्टर्ड, अटेंडेड, नो-शो, कॅन्सल्ड ही स्टेटस मिळतात पण ‘बोलावलंय, अजून उत्तर नाही’ असं काही नसतं. ते तुम्ही स्वतः करायचं, सेटिंगमध्ये पार्टिसिपंट स्टेटस टाइप्स आहे तिथे ‘आमंत्रित’ नावाचं, क्लास (स्टेटसचा गट) पेंडिंग, आणि हे महत्त्वाचं, ‘काउंटेड’ची, म्हणजे भरलेल्या जागांत मोजायची, खूण काढून टाकायची. तसंच एक ‘येणार नाही’, क्लास निगेटिव्ह, त्यालाही काउंटेड नको.

काउंटेडवर एवढा जोर का देतेय तर मी स्वतः आपटलेय. सिव्हीवरच्या पहिल्या वर्षी मी सहाशे लोकांना सरळ रजिस्टर्ड म्हणून टाकलं, म्हटलं नंतर बदलू. इव्हेंटला कमाल मर्यादा हॉलची घातली होती, तीनशे. झालं, वेबसाइटवरचा फॉर्म बंद, ‘जागा भरल्या आहेत’, आणि अजून एकाही पत्रिकेला स्टँप चिकटलेला नाही! वर त्याच झटक्यात कन्फर्मेशन पाठवायची खूण राहिली होती, म्हणजे ज्यांना कार्यक्रम आहे हेच माहीत नव्हतं त्यांना ‘आपली नोंदणी निश्चित झाली आहे’ असं मेल गेलं. एका आजोबांनी फोन करून विचारलं की मी कधी नोंदणी केली, माझं खातं हॅक झालंय का. दोन दिवस नुसती माफी मागत होते. तेव्हा सर्च करून, सगळे सिलेक्ट करून ‘रजिस्टर पार्टिसिपंट्स’ करताना स्टेटस आणि ती मेलची खूण, दोन्ही दोनदा बघा, आणि आधी ऑफिसातल्याच चार जणांवर करून बघा.

पुढचं, ज्यात बहुतेक लोक घसरतात. माणूस आमंत्रित होता, मग रजिस्टर्ड केला, मग अटेंडेड केला. शेवटी स्टेटसमध्ये फक्त शेवटचं उरतं. किती जणांनी ‘येतो’ म्हटलं होतं हे गेलं. म्हणून स्टेटस म्हणजे आजची अवस्था एवढंच धरा, आणि पार्टिसिपंटवर (देणगीदारावर नाही!) तीन कस्टम फील्ड लावा: आमंत्रण कसं गेलं, उत्तर काय मिळालं, कुणी बोलावलं. स्टेटस बदलत राहील, ही बदलायची नाहीत. तिसऱ्याला कमी लेखू नका. आमच्याकडे विश्वस्तांनी स्वतः फोन केलेले लोक आणि नुसतं कार्ड गेलेले लोक यांच्या हजेरीत जो फरक दिसायला लागला, त्यानंतर विश्वस्त मंडळाला फोनला बसवायला मला भांडावं लागलं नाही.

आता उत्तराचं. इंग्रजी पद्धतीने येस, नो, मेबी ठेवलंत तर आपल्या लोकांची उत्तरं त्यात बसत नाहीत. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ कोण म्हणतं? ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणजे नाही. ‘नक्की प्रयत्न करतो’ म्हणजेही बहुतेक नाहीच, पण पुढच्या वर्षी बोलवा. ‘गाडी कुठे लावायची?’ म्हणजे येणार, लिहून ठेवा. ‘आम्ही दोघं येऊ’ म्हणजे जेवणाला चार धरा. मी उत्तराच्या फील्डमध्ये चार पर्याय ठेवले होते: पक्कं, ढिलं, नाही, उत्तर नाही. ढिलं हा शब्द अध्यक्षांना आवडला नाही, पण केटररला आकडा देताना पक्के सगळे आणि ढिल्यातले चौथा हिस्सा असा माझा हिशेब असायचा, आणि तो बऱ्यापैकी जमायचा. तुमचं प्रमाण तुम्हाला दोन वर्षांच्या नोंदींवरून काढावं लागेल, माझं उचलू नका, गावागणिक वेगळं असतं.

पावतीचं नाव आणि आमंत्रणाचं नाव एकच धरू नका. ८०जीसाठी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीसाठी, पावती ज्याच्या पॅनवर हवी त्याच्या नावाने फाटते, आणि आर्थिक वर्ष २०२१-२२पासून १०बीडी (देणगीदारांचं आयकर खात्याला द्यायचं विवरण) भरायला लागल्यावर तर सगळ्याच संस्थांनी नाव-पॅन घासून पुसून नीट केले, ते चांगलंच झालं. पण घरोघरी असं असतं की पावती साहेबांच्या नावे, आणि संस्थेत येऊन मुलींना गणित शिकवणाऱ्या, दिवाळीला फराळ पाठवणाऱ्या त्या बाई, ज्यांचं आपल्या डेटाबेसमध्ये रेकॉर्डच नाही. आमच्याकडच्या अशा एक बाई सात वर्षं ‘सौ.’ या एका अक्षरात राहत होत्या. त्यांचं वेगळं रेकॉर्ड केलं, दोघांना एका हाउसहोल्डमध्ये जोडलं, पुढच्या मेळाव्याला कार्डावर त्यांचं पूर्ण नाव घातलं. त्या ते कार्ड पर्समध्ये घेऊन आल्या होत्या.

अशा वेळी एका घरात दोन कार्डं जायला नकोत, तर पत्त्यांची यादी एक्सपोर्ट करताना ‘एकाच पत्त्यावरचे एकत्र करा’ असा पर्याय येतो तो निवडायचा. ओळी माणसागणिक, कार्ड घरागणिक. एकत्र झालेली नावं मात्र छापायच्या आधी डोळ्याखालून घाला, सॉफ्टवेअरला सासू-सून कळत नाही.

आणि निधन. या बाबतीत हयगय नको. सिव्हीत ‘डिसीज्ड’ची खूण असते, ती केली की ते मेलिंगमधून वगळले जातात, पण तुमची पत्रिका एक्सपोर्ट केलेल्या यादीवरून पोस्टात जाते, तिथे ती गाळणी तुम्हाला स्वतःला लावावी लागते. बातमी कुणाच्या तरी तोंडून येते, शिपायाला, नाहीतर वसतिगृहाच्या बाईंना आधी कळतं, तर ‘कळलं की त्याच दिवशी खूण’ हा नियम सगळ्यांना सांगून ठेवा. परत आलेली पाकिटंही फेकू नका, एकेकाचं रेकॉर्ड उघडून पत्त्याला ‘चुकीचा’ लावत बसा, कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा.

व्हॉट्सअॅपचं तुम्ही विचारलंय. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय, आणि एका लिस्टमध्ये २५६च जण बसतात. म्हणजे ‘व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना कळवलंय’ हे वाक्य ऑफिसात ऐकलंत तर ते आमंत्रण धरू नका. मी ‘आमंत्रण कसं गेलं’ या फील्डमध्ये ‘फक्त व्हॉट्सअॅप’ असा वेगळा पर्याय ठेवायचे आणि त्या लोकांना फोनच्या यादीत परत घालायचे. शिवाय पावतीसाठी घेतलेला नंबर आमंत्रणाला वापरताना संमतीचा मुद्दा आहेच, डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदा संमती कशासाठी घेतली ते बघतो. पावतीच्या फॉर्मवरच ‘कार्यक्रमांची माहिती पाठवावी का’ अशी एक ओळ घाला, आणि ज्याने फोन नको म्हटलंय त्याच्या रेकॉर्डवर ‘फोन करू नये’ची खूण करा.

अजून एक, ऑनलाइन फॉर्म ठेवणार असाल तर आमंत्रिताने तो भरला की बहुधा दुसरी ओळ तयार होते, पहिली ‘आमंत्रित’ तशीच पडून राहते. आठवड्यातून एकदा नावाने लावून दुहेरी ओळी काढा, नाहीतर अध्यक्षांचा ‘किती बोलावले’चा आकडा फुगत जाईल.

कार्यक्रमाच्या दिवशी दारात लॅपटॉप ठेवू नका हो. रांग लागते, चार्जर सापडत नाही, ज्येष्ठ मंडळी ताटकळतात. आडनावाप्रमाणे छापलेली यादी, दोन मुली, दोन पेन, आणि खाली दहा कोऱ्या ओळी, न बोलावता आलेल्यांसाठी (ते येतातच, आणि पुष्कळदा चांगले देणगीदार निघतात). दुसऱ्या दिवशी बसून आलेल्यांना अटेंडेड करा, मग पक्कं म्हणून न आलेले सर्चने काढून एकदम नो-शो. तिसऱ्या दिवसावर ढकललंत तर ती यादी मंडपवाल्याच्या बिलांत जाते.

जुनी ‘मेळावा २०२४’ वगैरे फील्ड मात्र आज उत्साहात डिलीट करू नका, सिव्हीत कस्टम फील्ड काढलं की आतला डेटाही जातो. आधी एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा, २०२४चा इव्हेंट मागच्या तारखेने तयार करून त्यातले ‘हो’ पार्टिसिपंट म्हणून आणा, आणि फील्ड नुसतं डिसेबल करा. ज्या ‘हो’चा अर्थ लागत नाही तो ‘आमंत्रित’ धरा, ‘आले’ धरू नका.