मान डोलावली म्हणजे कळलं असं नाही

प्रिय,

परवा ड्युटी बदलताना तू वैतागून म्हणालीस, "मॅडम, सगळं समजावून सांगितलं होतं त्या डायबेटिसच्या पेशंटना, तरी महिन्याभरात परत ॲडमिट!" तेव्हा मी घाईत होते, काही बोलले नाही. आज जरा निवांत आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या सांगण्यात खोट नव्हती. मी दारातून ऐकलं होतं. दहा मिनिटांत आहार, चालणं, गोळ्या, इन्सुलिन, पाय, डोळे सगळं झालं. पेशंट मान डोलावत होते. शेवटी तू विचारलंस, "कळलं ना?" ते म्हणाले, "हो." या प्रश्नाला दुसरं उत्तर कोणी देत नाही गं. डॉक्टर मला विचारतात तेव्हा मीही देत नाही.

यापुढे इन्सुलिनचं पेन त्यांच्या हातात दे आणि म्हण, "घरी कसं घेता, ते मला करून दाखवा." मग गप्प बस. ते चुकले की आपला हात आपसूक पुढे जातो, तो आवरायला मला काही वर्षं लागली. गप्प बसलीस तर काय काय दिसेल बघ. मिश्र इन्सुलिन गढूळ असतं, ते तळहातांत हळूहळू फिरवून आणि खालीवर करून एकसारखं करायचं असतं. कुणी तसंच टोचतं, तर कुणी सरबताच्या बाटलीसारखं खळखळ हलवतं. आधी दोन युनिट हवेत सोडून सुईतून थेंब येतो का, हे बघायचं राहून जातं. बटण दाबलं की लगेच सुई बाहेर. दहा अंक मोजायला कुणी सांगितलेलंच नसतं. जिथे अजून बाटली आणि सिरिंज आहे, तिथे तर सिरिंज स्वतः हातात घेऊन बघ. लाल टोपणाची ४० ची, म्हणजे एका मिलीलीटरला ४० युनिट असलेल्या इन्सुलिनची; केशरी टोपणाची १०० ची. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने तेवढ्याच रेघेपर्यंत ओढलं, तर डोस अडीचपट जातो.

आता माझीच एक गोष्ट सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एक गृहस्थ नेमाने तपासणीला यायचे. शुगर काही केल्या उतरत नव्हती आणि दर खेपेला डोस वाढत होता. चोरून गोड खात असणार, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. "पथ्य पाळत नाहीत" हे त्यांच्या कागदावर माझ्याच अक्षरात होतं. एकदा एका वयस्कर सिस्टरनी त्यांना झोपवलं आणि पोटावरून नुसती बोटं फिरवली. मग माझा हात धरून तिथे ठेवला. बेंबीच्या दोन्ही बाजूंना रबरासारखे दोन उंचवटे होते. "इथे टोचलं की दुखत नाही," ते गृहस्थ म्हणाले, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच टोचत होते. अशा गाठीतून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं, कधी भलत्याच वेळी. मी त्यांची शुगर कितीदा लिहिली असेल, पोट एकदाही चाचपलं नव्हतं. अजून ती ओळ आठवली की कानकोंडं व्हायला होतं.

पण गाठ सापडली म्हणून लगेच "उद्यापासून मांडीत घ्या" असं सांगून मोकळी होऊ नकोस. आधी डॉक्टरांच्या कानावर घाल. चांगल्या त्वचेतून तोच डोस पुरेपूर लागू पडतो आणि शुगर धाडकन उतरू शकते.

लो शुगरचं सांगताना घरचं माणूस जवळ असू दे. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी परत तपासायची. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही, थेट दवाखाना गाठायचा. पेशंट बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाबाची किंवा हृदयाची एक प्रकारची गोळी, घेत असेल तर धडधड, थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र फुटतो. म्हणून मी नेहमी विचारते, "सकाळी उशी ओली असते का?" "रात्री शुगर लो होते का?" असं विचारलं तर नाही म्हणणारे या प्रश्नाला थबकतात.

तापात किंवा उलट्यांत "जेवणच जात नाही" म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करतात, तेही विचारून ठेव. आजारपणात शुगर उलट चढते. टाइप १ मध्ये, म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यांच्यात, तर ही चूक जिवावर बेतते.

आहाराचं आहारतज्ज्ञांवर सोड. तू फक्त रागावू नकोस. ज्याला बोलणी बसतात त्याची वही फार सुंदर होते: महिन्याभराचे आकडे एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेले. खरे आकडे ग्लुकोमीटरच्या मेमरीत असतात, पण ते काढून चोर पकडल्यासारखं समोर धरायचं नाही. मी धरले होते. ते पेशंट नंतर माझ्या ड्युटीत येईनासे झाले.

आणि हे काम किरकोळ समजू नकोस. १९२२ साली इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं. त्याच दशकात बोस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन पेशंटच्या घरी जाऊन शिकवण्यासाठी नर्सना तयार करत होते. औषध असून भागत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

पायांचं लांबलचक सांगत बसू नकोस, मोजे काढायला लाव. बोटांच्या बेचक्यांत स्वतः बघ. बुटात खडा राहून जखम झाली तरी कळत नाही, इतकी संवेदना गेलेली असते काहींची.

तुझे ते पेशंट अजून वॉर्डातच आहेत ना? उद्या सकाळच्या इन्सुलिनला पाच मिनिटं आधी जा आणि स्टूल ओढून बस. सरावाचं पेन माझ्या ड्रॉवरमध्ये डावीकडे आहे. सुई नवी घे, त्यातली वापरलेली आहे.

तुझी,
मॅडम