पांढरी एकवर पाऊण तास

प्रश्न : आमचं भजनी मंडळ खानापूरकडचं. चार पेट्या, दोन बासऱ्या, कीबोर्ड, तबला आणि चार गाणारे. अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांचं ‘इन सी’ (सी म्हणजे पेटीची पांढरी एक पट्टी, तोच सा) दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात वाजवायचं आहे. दहा मिनिटांतच सगळे एका जागी येऊन अडकतात, नाहीतर पांगतात. काय चुकतंय?

उत्तर : अडकण्याचं कारण बहुधा तबल्याचा ठेका. ठेका लागला की कान सम शोधतो. १९६४च्या या रचनेत सगळ्यांची मिळून अशी सम नाहीच. ५३ छोटे स्वरबंध सगळ्यांच्या पुढ्यात. जो तो क्रमाने जातो, एकेक मनाला येईल तितक्या वेळा घोळवून. स्वरबंधांची लांबी वेगवेगळी, म्हणून आवर्तनं एकमेकांवरून सरकत राहतात. खरी मजा त्यातच आहे. तबलजींनी ठेका सोडून चाटेवर (तबल्याच्या कडेवर) हलका, एकसारखा ‘ना’ ठेवावा.

सगळ्यांना धरून ठेवते ती वरच्या सा ची अखंड टकटक. ती पेटीवर नको, आघात बोथट होतो. कीबोर्डवर झायलोफोनचा आवाज लावा आणि दोघांनी पाळीपाळीने वाजवा.

पांगण्यावर उपाय रायलींनीच दिलाय : इतरांच्या दोन-तीन स्वरबंधांहून फार पुढे किंवा मागे राहू नये. पुढे गेलेल्याने थांबून ऐकावं, मग शिरावं. एकेका स्वरबंधाला ४५ सेकंद ते दीड मिनिट द्या. पस्तिसावा बाकीच्यांपेक्षा फारच लांब आहे, फाटाफूट बहुतेक तिथेच होते. तेवढा आधी सगळ्यांनी एकसुरात बसवा. एकत्र येणं हा दोष नव्हे, कार्यक्रमात एक-दोनदा तसं जुळून यावं अशी त्यांचीच अपेक्षा आहे.

पहिल्या स्वरबंधात ग ला सा चा निसटता कण (ओझरता स्पर्शस्वर) आहे. पेटीवाले त्याची अख्खी मात्रा करतात आणि तिथून लय घसरते. चौदाव्यात तीव्र मध्यम येतो, तो लागला की आपले गाणारे यमनात शिरतात. शेवटाकडे कोमल निषाद येतो तेव्हा गोंधळतात. रायली किराणा घराण्याचे गायक पं. प्राणनाथांकडे शिकले हे खरं, पण ते १९७०पासून पुढे. इथे राग शोधू नका. गाणाऱ्यांनी शब्द टाळून ‘आ’, ‘ना’, ‘दा’ असं काहीही घ्यावं.

पावसाळ्यानंतर पेट्या तपासाच. दोन पेट्यांची पांढरी एक एकदम दाबा. सूर हेलकावत राहिला तर त्या जुळलेल्या नाहीत. बासऱ्याही पांढरी एकच्याच हव्यात.

शेवटी ५३व्यावर पोहोचलेल्याने तोच घोळवत बाकीच्यांची वाट पाहायची. सगळे आले की आवाज मिळून चढवायचा, उतरवायचा, असं काही वेळा. मग एकेकाने गळून जायचं.

प्रश्न : निपाणीच्या शाळेत वाद्यं नाहीत. मुलांकडून असंच काही?

उत्तर : अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइख यांचं ‘क्लॅपिंग म्युझिक’ (१९७२). दोघं, फक्त टाळ्या. १२ मात्रा : तीन टाळ्या, एक रिकामी, दोन, रिकामी, एक, रिकामी, दोन, रिकामी. पहिला हेच धरून ठेवतो. दुसरा आठ किंवा बारा आवर्तनांनी एक मात्रा पुढे उडी घेतो, म्हणजे पहिली टाळी आता शेवटी जाते. मुलं उडीच्या जागी क्षणभर थांबतात आणि तिथेच तुटतं. बारा उड्यांनी दोघं पुन्हा एक होतात.