जुन्या कागदांच्या बाजारातले दोन खून: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न: रहस्यकथांमध्ये लहान गावातल्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा खून होतो आणि पोलिसांच्या आधी एखादा ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक किंवा शेजारचा दुकानदार खुनी शोधून काढतो. असे प्रत्यक्षात कधी घडले आहे काय?
(एक वाचक, सातारा)

उत्तर: हौशी शोधकाने खुनी पकडून दिल्याची उदाहरणे विरळाच. मात्र खुनाच्या मुळाशी असलेली लबाडी एका हौशी अभ्यासकाने पोलिसांच्या आणि नावाजलेल्या तज्ज्ञांच्या कितीतरी आधी हेरली होती, असे एक प्रकरण अमेरिकेतील युटा राज्यात घडले आहे, आणि ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

सॉल्ट लेक सिटी हे शहर लहान म्हणता येणार नाही. पण तेथे दुर्मीळ कागदपत्रांचा व्यापार करणारी मंडळी इतकी थोडी होती की विकणारा, घेणारा आणि मध्यस्थ बहुधा एकमेकांच्या ओळखीचेच असत. मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचे मुख्यालय याच शहरात आहे आणि पंथाच्या आरंभकाळातील कोणत्याही चिठोऱ्याला तेथे मोठे मोल येते. मार्क हॉफमन या 1954 साली जन्मलेल्या तरुणाने 1980 मध्ये, एका सतराव्या शतकातील बायबलमध्ये आपल्याला पंथसंस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या हातचा कागद सापडला, असे जाहीर केले. त्यानंतर त्याला एकामागून एक अपूर्व कागद ‘सापडत’ गेले. ते कुठून येतात, हे व्यापारी गुपित म्हणून त्याने सांगितले नाही आणि घेणाऱ्यांनीही फारसे खोदून विचारले नाही.

जानेवारी 1984 मध्ये स्टीव्हन ख्रिस्टेन्सन या तरुण व्यावसायिकाने त्याच्याकडून 40 हजार डॉलरना एक पत्र विकत घेतले. पंथाचा आरंभीचा पाठीराखा मार्टिन हॅरिस याने ते 1830 मध्ये लिहिल्याचे सांगितले जात होते आणि त्यात पंथाच्या पवित्र उगमकथेला जादूटोण्याचा रंग देणारा मजकूर होता. पंथाच्या टीकाकारांच्या दृष्टीने ती पर्वणीच होती. याच टीकाकारांपैकी जेराल्ड टॅनर हे पूर्वी यंत्रकामगार होते. विद्यापीठाची पदवी किंवा पद यांचे पाठबळ त्यांना नव्हते आणि पत्नी सँड्रा यांच्यासह ते पंथाच्या इतिहासावर टीकात्मक लेखन छापून विकत असत. हे पत्र खरे ठरले असते तर त्यांच्या आयुष्यभराच्या भूमिकेला बळकटी आली असती. असे असूनही मार्च 1984 मध्ये त्यांनी आपल्या वार्तापत्रात उघडपणे शंका मांडली की, या पत्रातील काही मजकूर 1834 साली छापलेल्या एका पुस्तकातील मजकुराशी संशय यावा इतका जुळतो. सँड्रा यांनासुद्धा आरंभी त्यांचे म्हणणे पटले नव्हते.

या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट मला हीच वाटते. टॅनर यांच्याजवळ सूक्ष्मदर्शक नव्हता. जुने ग्रंथ पुन्हा पुन्हा वाचून पक्की झालेली स्मरणशक्ती होती, आणि आपल्याला सोयीचा पुरावाही गैरसोयीच्या पुराव्याइतकाच कसून तपासण्याचा प्रामाणिकपणा होता. शोधकाकडून याहून अधिक काय मागावे, हे मला सांगता येणार नाही.

पुढची हकीकत दुःखद आहे. हॉफमन कर्जात बुडत गेला. अस्तित्वातच नसलेल्या एका मोठ्या कागदसंग्रहाच्या खरेदीसाठी त्याने बँकेकडून 1 लाख 85 हजार डॉलर उचलले होते, आणि तो संग्रह दाखवण्यासाठी त्याच्यामागे लकडा लावणाऱ्यांत ख्रिस्टेन्सनही होते. 15 ऑक्टोबर 1985 रोजी सकाळी ख्रिस्टेन्सन यांच्या कार्यालयाच्या दाराशी ठेवलेल्या पुडक्यातील बाँब फुटून ते ठार झाले. त्याच दिवशी त्यांचे पूर्वीचे व्यावसायिक सहकारी गॅरी शीट्स यांच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या पुडक्याने शीट्स यांच्या पत्नी कॅथलीन यांचा बळी घेतला. या निरपराध बाईंचा कागदांच्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नव्हता. शीट्स यांची कंपनी डबघाईला आलेली असल्यामुळे एखाद्या चिडलेल्या गुंतवणूकदाराने हे केले असावे असा पोलिसांचा समज व्हावा, एवढ्यासाठीच तो दुसरा बाँब होता. दुसऱ्या दिवशी तिसरा बाँब हॉफमनच्याच मोटारीत फुटला आणि तो जखमी झाला. परंतु त्याने सांगितलेली हकीकत मोटारीतील स्फोटाच्या खुणांशी जुळेना, आणि तेथून संशयाची सुई त्याच्याकडे वळली.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे नेमके उत्तर असे की, बाँबचा माग पोलिसांनी काढला. पण कागद खोटे ठरल्याखेरीज खुनाला हेतूच सापडत नव्हता, आणि कागद खोटे असू शकतात हे उघडपणे छापण्याचे धैर्य बाँब फुटण्याच्या दीड वर्ष आधी एका हौशी अभ्यासकाने दाखवले होते.

प्रश्न: कागद जुना, शाई जुन्या पद्धतीची, आणि तज्ज्ञांनीही आक्षेप घेतला नव्हता, मग बनावट शेवटी कशावरून उघड झाली? याला प्रयोगशाळा लागतेच काय?
(रसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: हॉफमन जुन्या पुस्तकांतील कोरी पाने कापून घेत असे, त्यामुळे कागद खरोखरच त्या काळाचा असे. लोहक्षार, टॅनिक आम्ल आणि डिंक यांची शाई तो जुन्या कृतीप्रमाणे घरी तयार करी. आधीच्या तज्ज्ञांनी कागद आणि शाई त्या काळाला विसंगत नाहीत एवढेच तपासले, आणि ‘विसंगत नाही’ याचा अर्थ ऐकणाऱ्यांनी ‘अस्सल आहे’ असा करून घेतला. हा तर्कदोष जुन्या वस्तूंच्या बाजारात आजही सर्रास आढळतो.

दस्तऐवज-तपासनीस जॉर्ज थ्रॉकमॉर्टन आणि विल्यम फ्लिन यांनी एकेक कागद सुटा तपासण्याऐवजी हॉफमनच्या हातून गेलेले कागद आणि त्याच काळातील, पण त्याच्या हातून न गेलेले कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. हॉफमनच्या संशयित कागदांवरील शाईला सूक्ष्मदर्शकाखाली, उन्हाने कोरड्या पडलेल्या तळ्याच्या गाळाला पडाव्यात तशा बारीक भेगा दिसल्या. इतर कागदांवर त्या नव्हत्या. काही कागदांवर जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणांत निळसर झाक दिसे आणि ओला कागद टांगून वाळवल्याप्रमाणे शाई एकाच दिशेला ओघळलेली दिसे. मग फ्लिन यांनी स्वतः तशी शाई बनवली आणि ती लवकर जुनी दिसावी म्हणून तिच्यावर रासायनिक प्रक्रिया केली, तेव्हा शाईतला डिंक तडकून हुबेहूब तशाच भेगा उमटल्या. त्याशिवाय हॉफमनने खोट्या नावाने छपाईचे ठसे करवून घेतल्याचेही पोलिसांना सापडले. जानेवारी 1987 मध्ये त्याने दोन्ही खुनांचा आणि फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली.

प्रयोगशाळेची मदत मोलाची असते, पण काय तपासायचे हे बहुतेक वेळा व्यासंगी वाचकच सांगतो. लंडनमधील जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या जुन्या पुस्तकांच्या दोन तरुण व्यापाऱ्यांनी 1934 मध्ये हे दाखवून दिले. मुखपृष्ठावर 1847 असे वर्ष असलेल्या एका महागड्या काव्यपुस्तिकेवर तत्कालीन मालकाची सही, भेटीचा मजकूर किंवा जुनी बांधणी असलेली एकही प्रत कशी आढळत नाही, हा प्रश्न संशयाला पुरेसा होता. कागद तपासून घेतल्यावर त्यात रासायनिक प्रक्रिया केलेला लाकडाचा लगदा निघाला, जो इंग्लंडमध्ये 1870 च्या दशकापूर्वी कागदासाठी वापरात नव्हता. या शोधाने, त्या बनावट पुस्तिकेमागे असलेल्या टॉमस वाइज या त्या काळच्या सर्वांत मानल्या गेलेल्या ग्रंथसंग्राहकाचे नाव कायमचे डागाळले.

प्रश्न: हॉफमन तुरुंगात गेल्यावर तरी त्याचे खोटे कागद बाजारातून गेले काय?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: गेले नाहीत. 1997 मध्ये कवयित्री एमिली डिकिन्सन यांच्या हस्ताक्षरातील म्हणून एक अप्रकाशित कविता न्यूयॉर्कच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. कवयित्रीच्याच ॲमहर्स्ट या लहान गावातील जोन्स ग्रंथालयाने देणग्या गोळा करून 20 हजारांहून अधिक डॉलरना ती घेतली. लिलावानंतर त्या कागदाचा हॉफमनशी संबंध असल्याची कुणकुण लागताच तेथील दुर्मीळ संग्रहाचे प्रमुख डॅनियल लोंबार्डो यांनी स्वस्थ न बसता, कागद एकेका मालकापर्यंत मागे मागे शोधत नेला आणि तो हॉफमनच्या हातून आल्याचे प्रस्थापित केले. गावकऱ्यांच्या पैशातून घेतलेली आणि ग्रंथालयाला मान मिळवून देणारी वस्तू खोटी ठरवणे सोपे नव्हते. लिलावगृहाने पैसे परत केले. पहिल्या प्रश्नात विचारलेल्या ‘लहान गावातील शोधक ग्रंथपाला’चे याहून खरे उदाहरण मला ठाऊक नाही.

प्रश्न: आमच्या वाड्यात मोडी कागदांचे एक दप्तर आहे. एक व्यापारी त्यातील ‘चांगले तेवढे’ कागद निवडून विकत मागतो आहे. वरील प्रकारची फसवणूक आपल्याकडेही होऊ शकते काय, आणि आम्ही काय करावे?
(एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर: होऊ शकते, आणि तिला वाव देणारी पहिली गोष्ट म्हणजे दप्तरातून सुटा कागद बाहेर पडणे. कागद कोणाच्या घरातून, कोणत्या रुमालातून (कागद बांधून ठेवण्याच्या फडक्यातून) आणि कोणत्या कागदांच्या सोबतीने आला, हे एकदा पुसले गेले की खऱ्या कागदाची साक्ष दुबळी होते आणि त्याच्या शेजारी खोटा कागद सहज खपून जातो.

शाईच्या भेगांची वर सांगितलेली कसोटी आपल्या कागदांना बहुधा उपयोगी नाही, कारण मोडी लेखनाची पारंपरिक शाई काजळाची असे. आपल्याकडील कसोट्या निराळ्या आहेत: बोरूचे वळण, मायन्याची पद्धत, शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतील एक कालगणना) आणि शालिवाहन शक यांचा मेळ, शिक्का आणि मोर्तब (पत्राच्या शेवटी उठवायची मुद्रा) जागच्या जागी आहेत काय, आणि पत्रात नावे आलेली माणसे त्या तारखेला त्या हुद्द्यावर होती काय. यातली शेवटची कसोटी अत्यंत कडक आहे, आणि तिच्यासाठी व्यासंगाखेरीज काहीही लागत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियम, 1972 यानुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखिते आणि कागदपत्रे 75 वर्षांहून जुनी असतील तर ती पुरातन वस्तू ठरतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. म्हणून व्यापाऱ्याकडे प्रथम परवाना मागावा. त्याआधी प्रत्येक कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, दप्तर ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रम लिहून ठेवावा, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या 1910 पासून हे काम करणाऱ्या संस्थेतील मोडी जाणकारांकडून ते वाचून घ्यावे. विकायचे की नाही हा निर्णय त्यानंतर आपला आपण घ्यावा. मात्र विकायचेच ठरले तर दप्तर फोडू नये, पूर्ण द्यावे, आणि ते कोठून आले याची सही-तारखेची टिपण त्यासोबत द्यावी.